साधू ठरल्यावाचून न्याय नाही काय?

ज्याची मते समाजाला झेपत नाहीत त्या माणसाची वासलात लावण्याचे दोन मार्ग जगात रूढ आहेत. पहिला मार्ग त्याला राक्षस ठरविण्याचा. एकदा तो राक्षस ठरला की त्याच्या बाजूचा पुरावा ऐकून घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसरा मार्ग दिसायला सौम्य, पण परिणामी तितकाच घातक आहे. माणूस मेल्यावर त्याला भाबडा आणि निरुपद्रवी ठरवायचे, त्याच्या नावाने चार अश्रू ढाळायचे, आणि ज्या मतांपायी त्याने जन्मभर हाल सोसले ती मते मात्र त्याच्याबरोबरच पुरून टाकायची.

इटलीतून पोट भरण्यासाठी अमेरिकेत गेलेला आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी मध्यरात्र उलटताच मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर मारला गेलेला मजूर बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती याच्या वाट्याला हे दोन्ही मार्ग आले. जिवंतपणी तो राक्षस होता. मेल्यावर तो 'बिचारा मासेविक्या' झाला. आमचे म्हणणे असे आहे की तो या दोहोंपैकी कोणीच नव्हता. तो उघडपणे स्वतःला अराजकवादी म्हणविणारा, संपात पुढे उभा राहणारा, सरकार आणि भांडवल या दोहोंचाही शत्रू होता. आणि तसा असूनही त्याला न्याय्य चौकशीचा हक्क होता. 'तसा असूनही' या दोन शब्दांतच या प्रकरणाचे सारे मर्म साठविलेले आहे. निरुपद्रवी माणसाला न्याय देण्यात कोणत्याही राज्याची कसोटी लागत नाही.

प्रथम त्याचे चरित्र थोडक्यात पाहू. व्हान्झेत्तीचा जन्म ११ जून १८८८ रोजी पीडमाँट प्रांतातील व्हिलाफालेत्तो या खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन बरे, बाप शेतकरी, मुलगा शाळेत हुशार. पण बापाने एके दिवशी वर्तमानपत्रात वाचले की तूरीन शहरात महिना ३५ लीरांच्या एका जागेसाठी ४२ वकिलांनी अर्ज केले आहेत. शिकून जर हीच गत, तर मुलाने एखादा धंदा शिकलेला बरा, असे बापाच्या मनाने घेतले, आणि १९०१ साली तेरा वर्षांचा बार्तोलोमेओ कुनेओ येथील एका मिठाईवाल्याच्या भटारखान्यात उमेदवारीला लागला. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत काम, आणि महिन्यातून दोनदा तीन तासांची सुटी. गावोगावच्या भट्ट्यांपुढे सहा वर्षे काढल्यावर १९०७ साली त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा दाह जडला, आणि बापाने त्याला घरी आणले. घरी आईने त्याची शुश्रूषा केली. पण थोड्याच दिवसांत तीच असाध्य रोगाने अंथरुणास खिळली आणि मुलाच्या डोळ्यांदेखत गेली. त्या दुःखाने घर खायला उठले तेव्हा जून १९०८ मध्ये त्याने गाव सोडले आणि फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कचे जहाज गाठले.

अमेरिकेने त्याला काय दिले? न्यूयॉर्कच्या एका नामांकित उपाहारगृहात भांडी घासण्याचे काम. एक दिवस बारा तास, दुसऱ्या दिवशी चौदा तास, एक आड एक रविवारी पाच तासांची सुटी, खायला कुत्र्यानेही नाक मुरडावे असे अन्न, आणि आठवड्याला पाचसहा डॉलर. पुढे वीटभट्टी, दगडाची खाण, लोहमार्गावरील खडी. मध्यंतरी तो न्यूयॉर्कला परतून पुन्हा मिठाईच्या कामाला लागला, पण तेथून काही महिन्यांत त्याला काढून टाकण्यात आले. दुसरीकडे लागला, तेथूनही काढले. कारण नंतर कळले. मुख्य आचारी आणि नोकऱ्या लावून देणारे दलाल यांचे साटेलोटे होते. प्रत्येक नव्या माणसामागे आचाऱ्याला दलालीतील वाटा मिळे. तेव्हा जितक्या वेळा जुना माणूस काढावा तितक्या वेळा कमाई. कामात कसूर नसतानाही माणूस रस्त्यावर येतो तो कसा, हे व्हान्झेत्ती कोणत्याही ग्रंथातून शिकला नाही. तो ते दलालाच्या दारात शिकला.

ग्रंथही त्याने वाचले, आणि ते ज्या रीतीने वाचले ते आमच्या पदवीधरांनी लक्षात घेण्याजोगे आहे. दिवसभर शारीरिक श्रम करून आलेला हा मजूर गॅसच्या मिणमिणत्या दिव्यापाशी कधी कधी पहाटेपर्यंत वाचीत बसे. क्रोपॉटकिन, मालातेस्ता, रेक्ल्यू हे त्याच्या पंथाचे लेखक तर त्यात होतेच. पण मार्क्स, मॅझिनी, डार्विन, टॉलस्टॉय, दान्ते, बायबल आणि रेनाँने लिहिलेले येशूचे चरित्रही होते. लहानपणी तो श्रद्धाळू कॅथलिक होता. चर्च त्याने सोडले. परंतु माणसामाणसांत बंधुभाव असावा ही शिकवण त्याने सोडली नाही, किंबहुना तीच त्याने अक्षरशः खरी मानली.

मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ या गावी तो स्थिरावला. तेथे दोरखंडाचा एक प्रचंड कारखाना होता आणि इटली व पोर्तुगाल या देशांतून आलेले पुष्कळ मजूर त्यात राबत. व्हान्झेत्तीने तेथे सुमारे दीड वर्ष काम केले. १९१६ च्या आरंभी त्या कारखान्यात संप झाला तेव्हा तो तेथे नोकरीस नव्हता. तरीही तो संपात उतरला, सभांतून बोलला, संपवाल्यांसाठी पैसा गोळा केला. संप मिटला, मजूर कामावर परतले, आणि व्हान्झेत्तीचे नाव मालकांच्या काळ्या यादीत गेले. त्यानंतर बर्फ फोडणे, खंदक खणणे, बंधाऱ्यावर दगड वाहणे असली मिळेल ती कामे त्याने केली. १९१९ साली मायदेशी परतणाऱ्या एका इटालियनाकडून त्याने हातगाडी, सुऱ्या आणि तराजू विकत घेतला आणि तो घरोघर मासे विकू लागला. कोणत्याही मालकाच्या दारात उभे न राहता जगण्याचा तेवढाच मार्ग त्याला उरला होता.

'अराजकवादी' हा शब्द ऐकताच आमच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हाला कल्पना आहे. अराजक म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे अशी स्थिती, हे महाभारताच्या शांतिपर्वाने आपल्या मनावर बिंबविले आहे. परंतु त्याच शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला हेही सांगतात की कृतयुगात राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. प्रजा धर्माच्या बळावर परस्परांचे रक्षण करीत होती. पुढे मोह आणि लोभ शिरले, आणि मग राजा आला. व्हान्झेत्तीच्या पंथाचे म्हणणे असे की लोभाचे मूळ मालकी आणि सत्ता यांत आहे. ती काढा, म्हणजे माणसे परस्परांचे रक्षण पुन्हा करू लागतील. हे म्हणणे आम्हाला पटत नाही. माणसाच्या स्वभावावर इतका भरवसा टाकण्याचे धैर्य आमच्यात नाही. पण ते मत चुकीचे असणे निराळे आणि ते मत बाळगणे हा खुनाचा पुरावा मानणे निराळे.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही, आणि जे लपवितात त्यांच्यावरच आमचा अर्धा रोख आहे. व्हान्झेत्ती आणि त्याचा मित्र, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा निकोला साक्को, हे दोघेही लुइजी गालेआनी या जहाल अराजकवाद्याच्या गटातले होते. बळाला बळाने उत्तर देणे या गटाला निषिद्ध नव्हते. १९१९ च्या वसंतात आणि जूनमध्ये अमेरिकेतील अधिकारी, न्यायाधीश व उद्योगपती यांच्या घरांवर बाँबहल्ले झाले ते याच गटातील लोकांनी केले, असे इतिहासकार मानतात. त्यांत एक निरपराध माणूसही मारला गेला. महायुद्धात सक्तीच्या सैन्यनोंदणीपासून दूर राहण्यासाठी साक्को व व्हान्झेत्ती १९१७ मध्ये मेक्सिकोत निघून गेले होते. ५ मे १९२० रोजी ट्रॅममध्ये त्यांना पकडले तेव्हा दोघांजवळही पिस्तुले होती, आणि पोलिसांच्या प्रश्नांना त्यांनी खोटी उत्तरे दिली. हे सारे खरे आहे. ज्यांना व्हान्झेत्तीची केवळ आरती ओवाळायची आहे ते यातले एक अक्षरही बोलत नाहीत.

पण ही उत्तरे खोटी का होती? दोनच दिवस आधी, ३ मे रोजी, त्यांच्याच गटातील आंद्रेआ सालसेदो हा मुद्रक न्यूयॉर्कमधील सरकारी कचेरीच्या चौदाव्या मजल्यावरून खाली पडून मेला होता. केंद्र सरकारच्या हेरांनी त्याला कित्येक आठवडे तेथे अडकवून ठेवले होते. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात हजारो परदेशी मजुरांची धरपकड झाली होती आणि शेकडो लोकांना देशाबाहेर काढले गेले होते. व्हान्झेत्ती व साक्को त्या रात्री आपल्या मित्रांजवळचे आक्षेपार्ह साहित्य, आणि काही अभ्यासकांच्या मते कदाचित स्फोटकेही, हलविण्याच्या खटपटीत होते. पोलिसांनी त्यांना प्रथम विचारले ते त्यांच्या मतांविषयी. कोणत्या खुनाबद्दल पकडले आहे हे सांगितलेच नाही. आपल्याला मतांसाठी पकडले आहे असे त्यांनी समजणे स्वाभाविक होते. सरकार पक्षाने मात्र न्यायालयात याच खोटेपणाला खुनाविषयीच्या अपराधी मनाची साक्ष म्हणून पुढे केले.

आता गुन्हा पाहू. १५ एप्रिल १९२० रोजी साऊथ ब्रेन्ट्री येथे जोड्यांच्या कारखान्याचा पगार नेणारे फ्रेडरिक पार्मेंटर आणि अलेस्सान्द्रो बेरार्देल्ली हे दोन नोकर गोळ्या घालून मारले गेले आणि सुमारे १५,७७६ डॉलर लुटले गेले. हाही विसर पडू नये की मेलेले दोघे मजुरीवरच जगणारे होते आणि त्यातला एक इटालियनच होता. त्यांच्या खुन्याला शासन व्हावे हे कोण नाकारील? प्रश्न एवढाच की खुनी कोण.

व्हान्झेत्तीवर प्रथम दुसराच खटला भरण्यात आला. २४ डिसेंबर १९१९ रोजी ब्रिजवॉटर येथे दरोड्याचा एक फसलेला प्रयत्न झाला होता, त्याचा हा खटला. ती तारीख नाताळच्या आदल्या दिवसाची आहे. इटालियन कुटुंबांत त्या संध्याकाळी वाम नावाचा सापासारखा लांब मासा खाण्याची चाल आहे. तेव्हा मासेविक्याच्या धंद्याचा तो वर्षातला मोठा दिवस. त्या दिवशी आपण व्हान्झेत्तीकडून वाम घेतले, असे सांगायला प्लिमथमधील इटालियन माणसे एकामागून एक साक्षीच्या पिंजऱ्यात आली. त्याच्याबरोबर घरोघर मासे पोहोचविणाऱ्या बेल्त्रान्दो ब्रिनी या तेरा वर्षांच्या मुलानेही साक्ष दिली. बहुतेकांची साक्ष दुभाष्यामार्फत झाली आणि त्या सर्वांची वासलात एकाच तर्काने लागली: हे सारे इटालियन, आपल्या माणसासाठी खोटे बोलणारच. याउलट, दरोडेखोर परदेशी असला पाहिजे हे मी त्याच्या पळण्याच्या ढबीवरून ओळखले, असे सांगणाऱ्या एका वर्तमानपत्रे विकणाऱ्या पोराची साक्ष चालून गेली. व्हान्झेत्तीला १२ ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या नाताळसाठी वामांचे पिंप त्याच्याकडे रवाना झाल्याची पावती १९२७ साली सापडली. तेव्हा मृत्यू दारात उभा होता आणि तिचा उपयोग झाला नाही.

या पहिल्या शिक्षेचे ओझे पाठीवर घेऊन, आधीच गुन्हेगार ठरलेला माणूस म्हणून, तो १९२१ च्या उन्हाळ्यात डेडहॅम येथे खुनाच्या खटल्याला उभा राहिला. न्यायाधीश तेच, वेब्स्टर थेअर. सरकारी वकीलही तेच, फ्रेडरिक कॅट्झमन. व्हान्झेत्तीविरुद्ध पुरावा किती पातळ होता याचा एकच नमुना देतो. एका साक्षीदाराने त्याला पळून जाणारी मोटार चालविताना पाहिल्याचे सांगितले. चालक फिकट वर्णाचा आणि भुऱ्या केसांचा होता असे इतरांचे म्हणणे. व्हान्झेत्तीच्या तर दाट काळ्या मिशा. तेव्हा सरकारी वकिलाने ज्यूरीला सांगितले की साक्षीदार जागेपुरता चुकला असेल, व्हान्झेत्ती चालकाच्या मागे बसला असेल. साक्षीदार चुकला हे मान्य, पण साक्ष मात्र खरी! बंदुकीच्या गोळ्यांविषयी राज्य पोलिसांचे कॅप्टन प्रॉक्टर यांनी साक्को याच्या पिस्तुलाशी एक गोळी 'जुळती' असल्याचे सांगितले. दोन वर्षांनी त्यांनीच शपथेवर लिहून दिले की ती गोळी त्याच पिस्तुलातून सुटल्याचा पुरावा मला सापडला नव्हता. हे सरकारी वकिलाला ठाऊक होते, आणि शब्दयोजना आधी ठरविलेली होती. साक्कोला तर त्याचे देशावर प्रेम आहे की नाही, तो युद्धाच्या वेळी मेक्सिकोला का गेला, अशा प्रश्नांनी तासन्‌तास घोळसण्यात आले. खून कोणी केला या प्रश्नाशी त्याच्या देशभक्तीचा संबंध काय होता?

१४ जुलै १९२१ रोजी दोघेही दोषी ठरले. पुढे सहा वर्षे नव्या पुराव्यावर फेरचौकशीचे अर्ज होत राहिले. आणि येथेच त्या राज्याच्या न्यायव्यवस्थेतील सर्वांत विलक्षण गोष्ट उघडी पडते. हे अर्ज ऐकणार कोण? तेच थेअर. राज्याचे सर्वोच्च न्यायालय केवळ कायद्याचे मुद्दे पाही; पुराव्याचे वजन करण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणजे पहिल्या न्यायाधीशाकडून चूक झाली काय, हे त्यानेच स्वतः ठरवायचे. नोव्हेंबर १९२५ मध्ये सेलेस्तिनो मादेइरोस या कैद्याने लेखी कबुली दिली की त्या दरोड्यात मी होतो आणि हे दोघे नव्हते. त्याच्या सांगण्यावरून तपास रोड आयलंडमधील मोरेल्ली टोळीपर्यंत पोहोचला. थेअर यांनी तोही अर्ज फेटाळला. हेच थेअर खासगी बैठकीत एका प्राध्यापकापाशी आरोपींचा उद्धार शिवी देऊन करीत होते आणि आपण त्यांचे काय केले याची फुशारकी मारीत होते, असे त्या प्राध्यापकाने पुढे सांगितले.

यावर आक्षेप येतो तो असा: न्यायालयाने दोषी ठरविले, गव्हर्नर फुलर यांनी पुन्हा पाहिले, हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांच्यासारख्या तीन थोर पुरुषांच्या समितीने तपासले, एवढ्या सर्वांपेक्षा तुम्ही शहाणे काय? आमचे उत्तर असे की दहा कुलपे एकाच किल्लीने उघडत असतील तर ती दहा कुलपे नव्हेत. लॉवेल स्वतः परदेशी लोकांच्या आगमनाला बंधने घालू पाहणाऱ्या संघटनेचे पदाधिकारी होते. त्यांच्या समितीने न्यायाधीशांचे खासगी बोलणे हा शिष्टाचाराचा गंभीर भंग होय असे मान्य केले, आणि तरी खटला निर्दोष होता असा निर्वाळा दिला. आरोपींचा द्वेष करणाऱ्या न्यायाधीशासमोर चाललेला खटला निर्दोष कसा, हे समजावून सांगण्याचे कष्ट कितीही मोठ्या विद्येने घेतले तरी ते व्यर्थच होत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९६१ आणि १९८३ साली झालेल्या तपासण्यांत तज्ज्ञांना असे आढळले की एक प्राणघातक गोळी साक्कोच्याच पिस्तुलातून सुटलेली असावी. ती गोळी मध्यंतरी बदलली गेली असावी असा संशय घेणारेही आहेत. हा वाद आम्ही येथे मिटवू शकत नाही. मिटविण्याची आवश्यकताही नाही. तो निष्कर्ष खरा धरला तरी त्याने साक्कोविषयी शंका वाढेल. व्हान्झेत्तीने गोळी झाडल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, तो तेथे हजर होता हेही सिद्ध होत नाही. आणि समजा, उद्या कोणी दोघांचाही अपराध निर्विवाद सिद्ध केला, तरी १९२१ चा खटला न्याय्य ठरेल काय? आंधळ्याने फेकलेला दगड नेमका चोराला लागला म्हणून त्या आंधळ्याला कोणी नेमबाज म्हणत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या वाचकांच्या मनात असणार. देवळात जाणाऱ्या, कुलाचार पाळणाऱ्या माणसाने या परदेशी निरीश्वरवाद्यासाठी मन का शिणवावे?

याचे एक उत्तर इतिहासात आहे. 'अराजक' हे विशेषण त्या काळी आपल्यालाही लावले जात होते. मार्च १९१९ मध्ये ज्या कायद्याने विना अपील शिक्षा देण्याची सोय केली, ज्याला आपण रौलट कायदा म्हणतो, त्याचे अधिकृत नावच अराजक व क्रांतिकारी गुन्ह्यांचा कायदा असे होते. अमेरिकेने १९१७ साली केलेल्या ज्या कायद्याने अराजकवाद्यांना दार बंद केले, त्याच कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरालाही दार बंद केले. आणि दुभाष्याच्या तोंडून न्याय मिळतो तो कसा, हे मराठी माणसाला कोणी वेगळे सांगावयास नको. व्हान्झेत्तीने गाव सोडले त्याच महिन्यात, जून १९०८ मध्ये, मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली. 'केसरी'तील मराठी लेखांचा न्याय सात युरोपीय आणि दोन पारशी अशा नऊ ज्यूरर्सनी करावयाचा होता, आणि त्यांतील बहुतेकांना मराठी येत नव्हते. इंग्रजी भाषांतरात मूळ शब्दांचा अर्थ कसा विपरीत झाला आहे हे दाखवीत टिळकांना दिवसामागून दिवस बोलावे लागले. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याचा निषेध सहा दिवस काम बंद ठेवून केला. त्या कामगारांनी टिळकांची मते तपासून पाहिली नव्हती. आपल्या माणसाला परक्या कानांनी दोषी ठरविले, एवढे त्यांना कळले होते. टिळकांचे आणि व्हान्झेत्तीचे विचार दोन ध्रुवांवरचे. खटल्याची जात मात्र एकच.

दुसरे उत्तर धर्मातच आहे. साक्षी-पुरावा पाहून, आपपरभाव सोडून निवाडा करावा, हा राजधर्म आपल्या शास्त्रकारांनी वारंवार सांगितला. त्यात आरोपी आस्तिक असावा अशी अट घातलेली आम्हाला आढळलेली नाही. जो न्याय स्वपंथीयापुरताच असतो त्याला पक्षपात म्हणतात. त्यावर कितीही फुले वाहिली तरी त्याचे नाव बदलत नाही.

या प्रकरणात अनुकरणीय असा जर कोणी गृहस्थ असेल तर तो विल्यम टॉम्सन. बॉस्टनमधील हा प्रतिष्ठित, जुन्या वळणाचा, स्थितिवादी वकील. अराजकवादाशी त्याचे काडीचेही नाते नव्हते. तरी आरोपींचा पक्ष त्याने वर्षानुवर्षे लढविला आणि त्यापायी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. २२ ऑगस्टच्या संध्याकाळी, मृत्यूला काही तास उरले असता, तो व्हान्झेत्तीला भेटायला गेला. आपल्या मृत्यूचा सूड हिंसेने घेऊ नये असे मित्रांना सांगावे, ही त्याची विनंती होती; सूडाची आपल्याला इच्छा नाही, असे व्हान्झेत्तीने सांगितले. मध्यरात्रीनंतर खुर्चीवर बसण्यापूर्वी त्याने तुरुंगाधिकाऱ्यांशी हस्तांदोलन केले, आपण निर्दोष असल्याचे सांगितले आणि काही जणांना क्षमा केली. टॉम्सनने व्हान्झेत्तीला आपल्या मताचा करून घेतले नाही, स्वतःही त्याच्या मताचा झाला नाही. तो फक्त त्याच्या बाजूने उभा राहिला. हेच अवघड असते.

आता व्हान्झेत्तीच्या भक्तांविषयी. त्याची इंग्रजी पत्रे, जी भाषा त्याने तुरुंगात राहून कमावली त्या भाषेतली पत्रे, वाचून हृदय हेलावलेले लोक पुष्कळ आहेत. हृदय हेलावणे वाईट नाही. पण या लोकांनी त्याला हळूहळू मासे विकणारा भोळा संत बनविला. जणू काही तो चुकून अराजकवाद्यांच्या सभेत जाऊन बसला होता! हा त्याचा दुसरा वध होय. ९ एप्रिल १९२७ रोजी शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी न्यायालयात त्याने स्वतः सांगितले की आपण मतांनी जहाल आहोत म्हणून आणि इटालियन आहोत म्हणून हे भोगत आहोत. आणि पुन्हा जन्म मिळाला तरी आपण तेच करू. ज्याने मरणाच्या दारात आपली मते सोडली नाहीत त्याची मते त्याच्या मागे त्याच्या स्तुतिपाठकांनी सोडून द्यावीत, हा कोणता आदर? शिवाय यातला धोका पुढचा आहे. निरपराध आणि निरुपद्रवी या दोन शब्दांची गल्लत एकदा पक्की झाली की उद्याच्या उपद्रवी निरपराध्याला कोणी वाली उरणार नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९३९ साली कायदा बदलला आणि देहान्त शिक्षेच्या खटल्यांत संपूर्ण पुरावा तपासण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयाला दिला. १९७७ साली गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी जाहीरनामा काढून २३ ऑगस्ट हा दोघांचा स्मृतिदिन ठरविला आणि त्यांच्या नावावरील कलंक दूर व्हावा असे घोषित केले. ते निर्दोष होते असे त्यांनी म्हटले नाही. त्यांना न्याय्य खटला मिळाला नाही असे म्हटले. नेमके तेच म्हणावयास हवे होते. त्या मान्यतेला पन्नास वर्षे लागली.

आपण पन्नास वर्षे थांबण्याचे कारण नाही. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे जेथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तेथे आपणही कधीकाळी परमुलखातून आलेलेच होतो. आज त्याच गावांत आपल्या इमारतींवर, आपल्या बंदरांत, आपल्या उत्सवांच्या मंडपांत दुसऱ्याच मुलखाचे मजूर राबतात. गावात चोरी होते, मारामारी होते, खून होतो, आणि संध्याकाळपर्यंत चौकात निकाल लागलेला असतो: तो बाहेरचा, त्याची भाषा कळत नाही, तो संपवाल्यांत मिसळतो, देवाला मानीत नाही, तोच असणार. कदाचित तोच असेलही. पण 'असणार' आणि 'आहे' यांच्यामधले अंतर पुराव्याने तोडायचे असते, आणि ते तोडले जाईपर्यंत त्या माणसाच्या बाजूने बोलणारा एक तरी प्रतिष्ठित माणूस गावात असावा लागतो. तो त्याचा मित्र नसावा, त्याच्या मताचा नसावा. आणि शक्य तर देवळाच्या पायरीवरूनच तो उठून आलेला असावा.